पांढऱ्या दिवशी जांभळा

चर्चच्या मागच्या खोलीत एक भलंमोठं लाकडी कपाट होतं आणि त्या कपाटाच्या मालकीण असल्यासारख्या एक बाई होत्या. कपाट चर्चचं, आतले झगे चर्चचे, कुलूपसुद्धा चर्चचंच. पण किल्ली मात्र एकतीस वर्षं बाईंच्या कमरेला. म्हणून सगळे त्यांना तोंडावर मावशी आणि पाठीमागे कपाटमावशी म्हणत. त्यांना दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर पाठीमागचं नाव त्यांना जास्त आवडायचं.

काम तसं साधं. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, उभं राहताना फादर कपड्यांवरून जो लांबरुंद झगा घालतात, तो कुठल्या दिवशी कुठल्या रंगाचा हे पाहायचं आणि इस्त्री करून मेजावर पसरून ठेवायचा. वर्षातले बहुतेक दिवस हिरव्याचे, कारण हिरवा रोजच्या जगण्याचा आणि हळूहळू वाढण्याचा. लाल रक्ताचा आणि आगीचा. ज्यांनी श्रद्धेपायी जीव दिला त्यांच्या दिवशी तो निघायचा. जांभळा पश्चात्तापाचा, नाताळच्या आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत. पांढरा आनंदाचा, निर्मळपणाचा. प्रत्येक झग्याच्या पाठीवर मोठा क्रूस भरलेला असायचा, आणि फादर पाठमोरे झाले की अख्ख्या चर्चला तो दिसायचा.

मावशींना हे सगळं तोंडपाठ. एकदा मोठे फादर हुतात्म्याच्या दिवशी हिरवा घालून निघाले होते, घंटासुद्धा वाजून गेली होती, तर मावशींनी त्यांना दारात अडवून झगा बदलायला लावला होता. ही गोष्ट गावभर झाली ती मावशींनीच सांगून. नंतरही संधी मिळेल तिथे त्या ती सांगत, आणि दर खेपेला फादरांचा चेहरा थोडा आणखी पडलेला असे.

रविवारी मिस्सा संपली की त्या लहान मुलांचा वर्ग घेत. पांढऱ्या पुठ्ठ्याचे क्रूस कापून आणायच्या, रंगखडू वाटायच्या आणि एकेका रंगाचा अर्थ सांगायच्या. या वर्गात चार वर्षांची एक पोरगी होती, गोल चेहऱ्याची, गोल डोळ्यांची. तिला सगळे गोटी म्हणत. गोटी आईशिवाय एक मिनिट बसायची नाही, त्यामुळे आईलाही वर्गात बसावं लागे. आई कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. लहानपणी तिला धर्माचं धड कोणी शिकवलं नव्हतं, आणि आता मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन ती सगळ्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकायची.

"जांभळा म्हणजे काय?" मावशी विचारत.

"चुकलं, माफ कर!" पोरं एका सुरात ओरडत. आई ओरडत नसे, पण तिचे ओठ हलत.

"आणि पांढरा?"

"एकही डाग नाही!"

गोटीनं पांढऱ्याचा पुठ्ठा हातात घेतला, इकडून तिकडून पाहिला आणि तसाच परत केला. "हा तर झालाच," ती म्हणाली. मावशी एवढ्या हसल्या की त्यांना खोकला लागला.

त्या वर्षी मोठे फादर तीन महिन्यांसाठी परगावी गेले. पुतण्याचा दीक्षाविधी होता, त्यानंतर लांबलचक विश्रांती. जाताना ते जरीचा चांगला पांढरा झगा घेऊन गेले, त्यामुळे कपाटात पांढरा एकच उरला. त्यांच्या जागी एक म्हातारे फादर आले. निवृत्त झालेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मावशी, मला आता रंग नीट कळत नाहीत. तुम्ही समोर ठेवाल तो मी घालणार. सगळी भिस्त तुमच्यावर." मावशींना त्या दिवशी जेवण दोन घास जास्त गेलं.

मग पंधराच दिवसांत ते घडलं. मावशी पांढऱ्याला इस्त्री करत होत्या आणि खांद्याला मान मुडपून धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. कुठली गोष्ट सांगत असतील? तीच. फादर, दार, घंटा. "मी म्हटलं, फादर, हा उतरवा आधी," असं म्हणत त्या स्वतःशीच हसत होत्या आणि इस्त्री क्रूसाच्या मधोमध तशीच टेकलेली होती. वास आला तेव्हा त्यांनी ती उचलली. सोनेरी धाग्यांच्या क्रूसावर आणि भोवतीच्या पांढऱ्यावर इस्त्रीच्याच आकाराचा तपकिरी डाग पडला होता. कापड बोट लावताच फाटेल असं झालं होतं.

"काय गं, काय झालं?" बहिणीनं विचारलं.

"काही नाही. दूध उतू गेलं," मावशी म्हणाल्या. त्या खोलीत दूध तर सोडाच, चूलसुद्धा नव्हती.

आता यात सांगण्यासारखं काय अवघड होतं? कोणाच्याही हातून होतं असं. मोठे फादर फार तर हसले असते, उलट त्यांना जरा बरंच वाटलं असतं. पण मावशींना तेच नको होतं. एकतीस वर्षांत एक सुरकुती राहू दिली नव्हती, आणि आता बायका म्हणणार, कपाटमावशींनी क्रूस जाळला. त्यांनी झग्याची घडी घातली आणि सगळ्यात खालच्या खणात, जांभळ्यांच्या खाली सरकवून दिली. मोठे फादर जरीचा घेऊन येईपर्यंत निभावून नेऊ, मग बघू.

दोन संतांचे दिवस आले, दोन्ही पांढऱ्याचे. मावशींनी दोन्ही वेळा हिरवा ठेवला. म्हाताऱ्या फादरांनी हात वर केले, मावशींनी झगा चढवला, आणि कोणी हूं की चूं केलं नाही. लोक सकाळच्या मिस्सेला अर्धे झोपेतच येतात. मावशींना सुटल्यासारखं वाटलं आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाजही वाटली, पण लाज थोडी होती.

त्याच आठवड्यात गोटीला ताप भरला. चौथ्या दिवशी ती गेली.

निरोप संध्याकाळी आला. अंत्यविधी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. मावशी खोलीत आल्या, कपाट उघडलं, आणि हात पांढऱ्याच्या रिकाम्या जागेपाशी थांबला. मोठ्या माणसाच्या अंत्यविधीला जांभळा चालतो. आपण सगळे काही ना काही चुका करून जातो, मागे राहिलेल्यांनी आपल्यासाठी क्षमा मागायची असते. पण बाप्तिस्मा झालेलं लहान लेकरू गेलं तर पांढराच. त्याच्या पदरी माफी मागण्याजोगं काही नसतंच. हे मावशींपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?

बसनं तासाभरावर दुसरं चर्च होतं. तिथल्या कपाटात चार पांढरे होते. एक फोन केला असता तर पहिल्या गाडीनं झगा आला असता. मावशींनी फोन उचललाही. पण तिथलं कपाट सांभाळणारी बाई कोण, तर जिला मावशींनी एका समारंभात लाल आणि गुलाबीतला फरक चारचौघींत ऐकवला होता. ती नक्की विचारणार, "का हो, तुमचा पांढरा कुठे गेला?" मावशींनी फोन खाली ठेवला. जळका काढून उजेडात धरून पाहिला. डाग बरोबर पाठीवर, सगळ्या लोकांच्या तोंडासमोर येणार. त्यांनी तो परत खणात ढकलला आणि वरचा जांभळा बाहेर काढला. अंत्यविधीच तर आहे, कोणाचं लक्ष जाणार आहे, असं त्या इस्त्री करताना स्वतःला समजावत राहिल्या. त्या दिवशी इस्त्री मात्र त्यांनी फार काळजीपूर्वक केली.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. एवढीशी पांढरी पेटी वेदीपुढे ठेवली होती. तिला उचलायला दोनच माणसं लागली होती, आणि तीही जड नाही म्हणूनच रडत होती. फादर बाहेर आले, जांभळ्या झग्यात. रडणं, कुजबुज सगळं चालू होतं, कोणी काही बोललं नाही. पण पहिल्या बाकावर बसलेल्या आईनं मान वर केली. तिनं फादरांकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग पुन्हा फादरांकडे. नंतर तिनं हळूच वळून मागे पाहिलं. मावशी खांबाआड सरकल्या.

अंत्यविधी झाला, माती झाली. आठ दिवसांनी आई चर्चच्या फाटकापाशी मावशींची वाट पाहत उभी होती. कारखान्याचा निळा कोट अंगात, बाहीवर दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.

"मावशी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"अगं, रागावीन कशी?"

"त्या दिवशी फादरांनी जांभळा का घातला होता? तुम्ही सांगितलं होतं ना, लहान मुलांना पांढरा असतो."

हीच वेळ होती. दोघी एकट्या होत्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मावशींनी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं ते असं, "ते काय, फादरांनी ठरवलं. आपण काय सांगणार? त्यांना कळतं जास्त."

आईनं मान डोलावली. "म्हणजे काहीतरी असेल," ती म्हणाली आणि कामावर गेली.

मावशी फाटकाला धरून उभ्या राहिल्या. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्या माणसावर आपण ढकलून मोकळ्या झालो, हे त्यांना तिथेच कळलं. असेल म्हणजे काय असेल, असं ओरडून विचारावं असंही वाटलं. विचारलं नाही.

त्यानंतर आई रोज दुपारी चर्चमध्ये येऊ लागली. जेवणाच्या सुट्टीत, अर्ध्या तासासाठी. बाकावर बसत नसे, वेदीपुढच्या दगडी फरशीवर गुडघे टेकायची. ओठ हलत राहायचे. डबा तिच्या पिशवीत तसाच बंद असायचा. मावशी मागच्या खोलीच्या दारातून पाहत आणि म्हणत, बिचारी, दुःखात आहे, देवाजवळ मन मोकळं करते आहे. पण दहा-पंधरा दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की ही बाई रडत नाही. ती थांबून थांबून आठवते, मग काहीतरी सांगते, मग छातीवर मूठ आपटते. चुकीची कबुली देताना आपटतात तशी. बरं, चूक करायला हिच्याकडे वेळ तरी कुठे होता? कारखाना, घर, पोर.

मावशी आरशात पाहायचं टाळू लागल्या. कोणी "मावशी, तुम्ही आहात म्हणून चर्चचं नीट चाललंय हो," म्हटलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. शेवटी एका शनिवारी त्या म्हाताऱ्या फादरांसमोर पापकबुलीला बसल्या आणि सगळं सांगितलं. इस्त्री, खण, फोन, फाटक, आणि तुमचं नाव पुढे केलं तेही.

फादर मान पुढे करून ऐकत होते. मग म्हणाले, "मला वाटलं पांढराच आहे."

"चूक माझी आहे, फादर."

"आहेच. पण चार वर्षांच्या मुलीला निरोप देताना आपल्या अंगावर काय आहे, हे मी विचारलंसुद्धा नाही. ते माझं मी बघीन." त्यांनी डोळे पुसले. "मावशी, देव तुम्हाला माफ करील, त्याचं काही नाही. दहा प्रार्थना म्हणा असं सांगितलं तर तुम्ही आज घरी जाऊन वीस म्हणाल. म्हणून मी ते सांगत नाही. तुम्ही तिच्याकडे जा."

"तिला काय वाटेल?"

"तुमच्याबद्दल ना?" फादर म्हणाले.

मावशींनी मान खाली घातली. एवढं सगळं सांगूनही त्यांच्या मनात पहिला प्रश्न स्वतःच्याच नावाचा आला होता. फादरांना दिसत नव्हतं ते बरं, नाहीतर मावशींचं तोंड त्या वेळी पाहवलं नसतं.

रविवारी वर्ग आटोपून त्या आईच्या घरी गेल्या. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. गोटीचे बाबा माल पोचवायला गाडी घेऊन गेले होते. आईनं घाईघाईनं खुर्चीवरचे कपडे उचलले, पाणी आणलं आणि समोर उभी राहिली, जणू परीक्षक घरी आले आहेत. ती अर्ध्यावर आली होती. गळ्याची हाडं दिसत होती.

"बस गं. मला तुझ्याशी बोलायचंय," मावशी म्हणाल्या.

"मला माहितीये कशाबद्दल." आई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. "मीच येणार होते. मावशी, मी शोधलं. आधी मला काहीच सापडेना. एवढीशी पोर, ती काय करणार? पण मग आठवत गेलं."

"काय आठवत गेलं?"

आई बोटं मोजू लागली. "साखरेच्या डब्यात हात घालायची. विचारलं तर नाही म्हणायची, आणि तोंडाला साखर लागलेली. शेजारच्या मुलीला एकदा चावली होती, दात उमटले होते. दात घासले नाहीत तरी घासले म्हणायची. प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवायची. हे सगळं मी सांगितलं. पण एवढ्याशानं जांभळा नसेल ना, असं वाटायचं. मग परवा आठवलं." तिचा आवाज खाली आला. "सासूबाई आजारी होत्या. त्यांनी हिला हात धुवायला पिटाळलं, तर ही म्हणाली, 'तू मर.' तीन वर्षांची होती. मी तेव्हा हसले होते, मावशी. मारायला हवं होतं, आणि मी तोंडाला पदर लावून हसले. तेच असणार. ते मी रोज सांगते आता, तिच्या वतीनं माफी मागते. एक जेवण सोडलंय. तुम्ही फादरांना विचाराल? एवढं पुरे का, की अजून काही राहिलंय?"

मावशींना वाटलं, आपण आत्ता इथेच फरशीत गडप व्हावं. महिनाभर त्या दारात उभ्या राहून जे पाहत होत्या, ते हे होतं. त्यांनी खुर्ची सोडली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. गुडघे कटकन वाजले.

"काही राहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "काही नव्हतंच. ऐक माझं. फादरांनी काही ठरवलं नव्हतं, त्यांना रंग दिसतच नाहीत. झगा मी ठेवला होता. पांढरा माझ्या हातून जळला होता. मी तो लपवला. दुसरीकडून मागवता आला असता, पण मला लाज वाटली. माझी अब्रू जाईल म्हणून मी तुझ्या लेकीला जांभळा दिला. तिचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. बोटं अजून मोजल्यासारखी मुडपलेली होती.

"तिचं काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं गं."

"साखरेचंसुद्धा नाही?"

"नाही."

मावशी वाट पाहत होत्या. ही आता उठेल, ओरडेल, थोबाडीत मारील, बाहेर काढील. काढलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण आईचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती आपल्या हाताकडे बघत होती, आणि तिनं एकेक करून बोटं उघडली.

"म्हणजे महिनाभर मी काय करत होते?" ती हळूच म्हणाली. "ती बिचारी तिथे एकटी, नवी. आईशिवाय एक मिनिट न बसणारी. आणि मी रोज दुपारी जाऊन देवाला तिच्या चहाड्या सांगत होते. ही खोटं बोलायची, ही चावायची, ही आजीला मर म्हणाली. तिनं ऐकलं असेल ना, मावशी? आई आली आणि आपल्याबद्दल काय काय सांगते आहे, ते सगळं?"

मावशींनी तिचा हात धरायला आपला पुढे केला आणि तो तसाच राहिला. धरायचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटेना.

"तुम्ही शिकवता ना सगळं," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती वर्गात विचारायची तसं खरंच विचारत होती. "मग हे सांगा. आता ते परत कसं घ्यायचं?"